जोयड्याची गिड्डी गाय उकाड्यात कशी तगते

कारवारहून अणशी घाट चढून वर आले की जोयडा तालुका लागतो. काळी नदीवरचे सुपा धरण 1980च्या दशकात पुरे झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. त्याआधी हा सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. तालुक्याचा बहुतेक भाग रान आहे आणि त्यातला मोठा तुकडा आता काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. दऱ्याखोऱ्यांत कुणब्यांची भातखाचरे आणि कंदमुळांची लागवड, रानाच्या कडेला गवळी-धनगरांचे वाडे. या घरांच्या गोठ्यांत जी गाय दिसते तिला नवखा माणूस हमखास कालवड समजतो. उंची जेमतेम तीन फूट, वजन शंभर-सव्वाशे किलो, रंग काळा, तांबूस किंवा फिकट बदामी. हीच मलनाड गिड्डा. शिमोगा, चिक्कमगळूरूपासून उत्तर कन्नडपर्यंतच्या घाटमाथ्याची आणि खालच्या किनारपट्टीची ही गाय, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदलेली आहे.

दूध दिवसाला एक-दोन लिटर. एवढ्यावरून तिला नावे ठेवली जातात. पण एप्रिल-मेच्या उकाड्यात संकरित गाय जीभ बाहेर काढून धापा टाकते तेव्हा ही सावलीत बसून निवांत रवंथ करत असते. ते तिला कसे जमते, ते पाहू. यातले काही तिच्या अंगात आहे आणि काही तिच्याभोवतीच्या रानात.

उकाडा थर्मामीटरवर पुरता दिसत नाही

गाईला किती त्रास होतो ते नुसत्या तापमानावर ठरत नाही. हवेतला दमटपणाही मोजावा लागतो. त्यासाठी पशुवैद्यकात ‘तापमान-आर्द्रता निर्देशांक’ वापरतात. हिशेब घरच्या घरी करता येतो. सेल्सिअसमधल्या तापमानाची 0.8 पट घ्यायची. तापमानातून 14.4 वजा करून येणाऱ्या आकड्याला आर्द्रतेने गुणायचे (60 टक्के असेल तर 0.6). या दोहोंत 46.4 मिळवायचे. येणारा आकडा 72च्या वर गेला की जास्त दुधाच्या विदेशी गाईवर ताण सुरू होतो असे बरीच वर्षे मानले जाई. आजच्या भरघोस दुधाच्या गाईंसाठी तो उंबरठा 68च धरावा असे नंतरच्या संशोधकांचे म्हणणे आहे. आपल्याकडच्या वशिंडाच्या गाई याहून बऱ्याच वरच्या आकड्यापर्यंत निभावून नेतात.

आता दोन दुपारी समोरासमोर ठेवू. सोलापूरकडची कोरडी दुपार: 34 अंश, आर्द्रता 20 टक्के. निर्देशांक येतो साधारण 77.5. घाटमाथ्यावरची, वळवाच्या आधीची दुपार: तेच 34 अंश, पण आर्द्रता 60 टक्के. निर्देशांक 85 ओलांडतो. थर्मामीटर दोन्हीकडे सारखाच, गाईच्या जिवाला मात्र केवढा फरक.

रात्रीचा हिशेबही करून पाहावा. जोयड्याला रानामुळे आणि उंचीमुळे उन्हाळ्यातही पहाटे गारवा येतो. 22 अंश आणि 90 टक्के आर्द्रता धरली तरी आकडा 71च्या आसपास राहतो. खाली किनाऱ्यावर रात्री 28 अंश आणि 85 टक्के असेल तर तो 80वर. दिवसभर अंगात साठलेली उष्णता रात्री बाहेर टाकायला मिळते की नाही, यावर दुसऱ्या दिवशीची दुपार कशी जाणार ते बरेचसे ठरते. माथ्यावरच्या गाईला ती सवलत मिळते.

निम्मी आग पोटातली

उकाडा म्हटला की आपण सूर्याकडे बोट दाखवतो. गाईच्या बाबतीत ते अर्धेच खरे. तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात चारा आंबत असतो आणि आंबताना ऊब सुटते; चारा जितका राठ, तितकी पचनाची ऊब जास्त. दूध तयार होण्याचे काम वेगळेच. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दूध न देणाऱ्या गाईशी तुलना करून पाहिली होती. दिवसाला साडेअठरा किलो दूध देणाऱ्या गाईच्या शरीरात 27 टक्के जास्त उष्णता तयार होत होती, तर साडेएकतीस किलो देणाऱ्या गाईच्या शरीरात 48 टक्के जास्त.

ही उष्णता टाकायला शरीराकडे मोजकेच मार्ग असतात. भोवतालची हवा अंगापेक्षा थंड असेल तर ती आपसूक उतरते. हवा अंगाइतकीच तापली की उरतो घाम आणि श्वासातून जाणारी वाफ. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो सुकला पाहिजे. दमट हवेत घाम निथळतो, सुकत नाही, आणि निथळलेल्या घामाचा गारव्याला उपयोग शून्य.

म्हणून दमट मुलखात टिकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मुळात उष्णताच कमी तयार करणे. गिड्डी गाय नेमके तेच करते. खाणे कमी, दूध कमी, पोटातला विस्तव मंद. ‘दूध देत नाही’ म्हणून तिला जी नावे ठेवतात, त्या कमतरतेवरच तिचे टिकणे उभे आहे. एका अंगाने भरघोस दूध आणि दुसऱ्या अंगाने पूर्ण उष्णतासहनशीलता असे दोन्ही एका गाईत हवे, हा आपला हट्ट शरीरशास्त्राला परवडणारा नाही. तडजोड जरूर करता येते; फुकट काही मिळत नाही.

लहान चणीचा हिशेब

लहान जनावराला गरम होत नाही असे सरसकट सांगितले जाते. ते तितके सरळ नाही. शंभर किलोची गाय आणि पाचशे किलोची गाय शेजारी उभ्या केल्या, तर लहान गाईला दर किलो वजनामागे साधारण 1.7 पट कातडी मिळते, म्हणजे उष्णता टाकायला तेवढी जास्त जागा. कुणब्यांच्या चुलीवरून सुरणाची मोठी फोड आणि छोटे करांदे एकदमच उतरवले तर करांदे आधी निवतात, तसेच हे. पण विसाव्यात असतानाही लहान जनावर दर किलोमागे जवळजवळ दीडपट उष्णता तयार करते. वजाबाकी केली तर नुसत्या चणीचा फायदा उरतो तो बेताचाच.

तोटाही आहे. लहान अंग उघड्या उन्हात लवकर तापते. मोठ्या बैलाच्या शरीरात उष्णता मुरायला वेळ लागतो, तासभर ऊन त्याला सहन होते; छोट्या गाईला तेवढी मुभा नाही. त्यामुळे बुटक्या गाईंच्या जाती कुठे आढळतात ते पाहणे उद्बोधक ठरते. मलनाड गिड्डा, कासरगोडची बुटकी गाय, केरळची वेचूर या तिन्ही पश्चिम घाटाच्या आणि किनाऱ्याच्या दमट, झाडीच्या पट्ट्यातल्या. उघड्या, कोरड्या माळावर मात्र खिल्लार आणि कांकरेज अशी उंच, लांब पायांची जनावरे. पश्चिम आफ्रिकेच्या दमट रानपट्ट्यातही गाई छोट्याच आहेत.

याचे सगळे श्रेय उकाड्याला देता येणार नाही. धो धो पावसाने जांभ्या जमिनीतला कस धुऊन नेलेला असतो. अशा जमिनीवरचे गवत पावसाळ्यात पाणचट आणि दिवाळीनंतर राठ. त्यावर मोठे जनावर पोसणे अवघडच. चारा आणि हवा, दोघांनी मिळून ही चण घडवली असावी.

तेव्हा गिड्डीला सावली लागते, आणि जोयड्यात ती फुकट मिळते. गाई सकाळी सुटतात, रानाच्या कडेने चरत आत जातात, ऊन चढले की दाट झाडाखाली बसतात आणि तिन्हीसांजेला बहुधा आपल्या पायांनीच गोठ्याकडे वळतात. याच रानातला गवाही तेच करतो. त्याचा नर सात-आठशे किलोच्या पुढे जातो आणि अंग जवळजवळ काळे, म्हणजे उन्हासाठी सगळ्यात गैरसोयीचे. दुपार तो झाडीत काढतो. चरणे भल्या पहाटे, संध्याकाळी आणि रात्री. गिड्डीतही काळा रंग पुष्कळ दिसतो. उघड्या माळावर तो भारी पडला असता. छायेत जगणाऱ्या जनावराचे त्यामुळे फारसे अडत नाही.

कातडी, केस आणि वशिंडाची दंतकथा

वशिंडाच्या गाईची कातडी जवळून पाहिली तर तीन गोष्टी लक्षात येतात. केस आखूड, गुळगुळीत आणि अंगाला चपटे बसलेले, त्यामुळे कातडीलगत गरम हवा अडकून राहत नाही. कातडी सैल, माशी बसली की नुसती थरथरवून ती उडवते. तिसरी गोष्ट सूक्ष्मदर्शकातच दिसते. तिच्या घर्मग्रंथी युरोपीय गाईच्या ग्रंथींपेक्षा मोठ्या, पिशवीसारख्या आणि पृष्ठभागाच्या जास्त जवळ असतात. होल्स्टीनसारख्या युरोपीय गाईला घाम येत नाही असे नव्हे. तापमान चढत गेले की तिची घाम गाळण्याची क्षमता लवकर संपते.

आता वशिंड आणि गळ्याखालची पोळी. ही दोन्ही ‘रेडिएटर’ आहेत असे पशुपालनाच्या पुस्तकांतही वाचायला मिळते. अमेरिकेत 1950च्या दशकात लाल सिंधी बैलांची वशिंड आणि पोळी शस्त्रक्रियेने काढून टाकून त्यांची उष्णता सोसण्याची ताकद मोजली गेली. फारसा फरक पडला नाही. खरे काम उरलेल्या सगळ्या कातडीचे आणि आतल्या मंद विस्तवाचे निघाले. वशिंडात ‘सूर्यकेतू नाडी’ असते, ती किरण शोषते आणि दुधात सोने उतरते, ही कथा तर आता मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आहे. शरीरविच्छेदनात अशी नाडी कुणाला सापडलेली नाही. देशी गाईची बाजू मांडायला खरी कारणे भरपूर आहेत. असल्या गोष्टींनी ती बाजू उलट हलकी होते.

पेशीच्या आत

उष्णता वाढली की पेशीतली प्रथिने आपला आकार सोडू लागतात. त्यांना सावरणारी ‘उष्माघात प्रथिने’ सर्वच सजीवांत असतात. या प्रतिक्रियेचा पहिला सुगावा इटलीच्या फेरुच्चो रितोसा यांना 1962मध्ये फळमाशीत लागला. फ्लोरिडात झालेल्या कामात वशिंडाच्या ब्राह्मण जातीचे अगदी कोवळे भ्रूण होल्स्टीनच्या भ्रूणांपेक्षा उष्णतेला चांगले टिकले. गोठ्याच्या भाषेत याचा अर्थ गर्भधारणा. उन्हाळ्यात संकरित गाय माज नीट दाखवत नाही, भरवली तरी वारंवार उलटते आणि शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. गिड्डीला कन्नडमध्ये ‘वर्षगंधी’ असेही म्हणतात, दरवर्षी वासरू देणारी.

म्हशीचे तंत्र वेगळे

जोयडा, हल्याळ, यल्लापूर या बाजूचे गवळी-धनगर घरात मराठीची एक बोली बोलतात आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळत आले आहेत. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांचा गवळी-धनगरांवरचा अभ्यास 1982मध्ये प्रसिद्ध झाला. डोंगरमाथ्यावर गवळ्यांच्या म्हशी, खालच्या खोऱ्यात कुणब्यांची शेती, आणि लोण्या-तुपाच्या बदल्यात धान्य, ही जुनी वाटणी त्यांनी तपशिलाने मांडली आहे.

उकाड्याच्या दृष्टीने म्हैस गाईच्या अगदी उलट. कातडी काळी, केस विरळ, घर्मग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. उन्हात उभी केली तर ती देशी गाईच्या आधी धापा टाकेल. पण पाण्यात उतरली की तीच विरळ केसांची कातडी उपयोगी पडते: उष्णता थेट पाण्यात उतरते, आणि बाहेर आल्यावर अंगावरचा चिखल सुकता सुकता आणखी गारवा देतो. म्हणजे म्हशीचा घाम म्हणजे डबके. ओहोळ डिसेंबरातच आटला, किंवा त्याच्याकडे जाण्याची वाट बंद झाली, की म्हशीचे सगळे तंत्र कोलमडते. उन्हाळ्यात तिचा माज मंदावतो आणि दूध आटते. दोन-चार बादल्या पाणी अंगावर मारून डबक्याची उणीव थोडीफार भरून निघते, पण एप्रिलमध्ये घरच्या विहिरीलाच तेवढे पाणी असेल तर.

‘देशी’ ही एक जात नाही

अलीकडे हौसेने किंवा अनुदानाच्या आधाराने गीर, साहिवाल अशा गाई कोकणात आणि घाटमाथ्यावर आणल्या जातात. दोन्ही उत्तम गाई. पण गीर सौराष्ट्रातली, साहिवाल पंजाबातली. कोरड्या हवेत घाम पटकन सुकतो, त्या हवेत त्या घडल्या. चार महिने अखंड पाऊस, चिखल, ओला गोठा आणि गोचीड यांच्याशी त्यांचा जुना परिचय नाही. पावसाशी झुंजायला नाशिक-अहिल्यानगरच्या घाटपट्ट्यातली डांगी पाहावी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि मुसळधार पावसात त्याचा तिला उपयोग होतो. कोकणाला त्याची कोकण कपिला आहे, गोव्याला श्वेतकपिला. जोयड्याच्या एका अंगाला गोवाच आहे, त्यामुळे गाय आणायचीच तर फार लांब जायला नको.

जात हातची गेली की परत मिळवणे किती कठीण असते ते वेचूरने दाखवले. संकरीकरणाच्या लाटेत ती जवळपास संपली होती. 1989मध्ये केरळ कृषी विद्यापीठातल्या डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून उरलीसुरली जनावरे गोळा केली आणि कळप पुन्हा उभा केला. 2022मध्ये डॉ. आयप यांना पद्मश्री मिळाली. देशपातळीवरचा कलही पाहा: 2019च्या पशुगणनेत विदेशी आणि संकरित गोधन आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 27 टक्के वाढून पाच कोटींवर गेले, तर देशी 6 टक्के घटून 14.2 कोटींवर आले.

संकर मुळातच वाईट, असे मात्र नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले त्रिवेणी’ होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून आली. ब्राझीलने गीर आणि होल्स्टीन जुळवून गिरोलांडो घडवली आणि तिच्यावर आपला दूधधंदा उभा केला. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईत आखूड केसांचे एक जनुक आढळले. ते होल्स्टीनमध्ये उतरवल्यावर त्या गाई उष्णता बऱ्यापैकी सोसू लागल्या. ही वाट ज्याच्याकडे बारमाही पाणी, हिरवा चारा आणि दूध उचलणारी गाडी आहे त्याच्यासाठी. रानातल्या वाडीवर, जिथे डेअरीपर्यंतच मैलोन्‌मैल चालावे लागते, तिथे वीस लिटर दूध निघून तरी करायचे काय?

बरगडीवर नजर ठेवा

गाय त्रासात आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. गाय सावलीत शांत उभी असताना तिच्या कुशीकडे, शेवटच्या बरगडीमागच्या खोलगट भागाकडे, अर्धा मिनिट पाहायचे. कूस फुगून खाली बसली की एक श्वास. आलेला आकडा दुप्पट केला की मिनिटाचा हिशेब मिळतो. निवांत गाईचे श्वास साधारण 20 ते 35 भरतात. 60च्या वर गेले की ताण आहे असे समजावे. 80च्या पुढे, तोंड उघडे, लाळ गळते आहे, मान पुढे ताणलेली, अशी गाय असेल तर वाट न पाहता सावली, अंगावर पाणी आणि पशुवैद्य. आधीची बारीक खूण म्हणजे रवंथ थांबते आणि गाय बसायची सोडून उभी राहते. उभ्या अंगाला वारा जास्त लागतो, म्हणून. सावलीतल्या गिड्डीची कूस सहसा संथच हलताना दिसेल. तीच गाय पत्र्याखाली बांधली तर तिचीही लय बिघडते.

छप्पर, पाला आणि रात्रीची वैरण

पत्र्याची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करू. पूर्वी गोठ्यावर गवताचे शाकार असे, काही ठिकाणी मंगळुरी कौले. शाकार दरवर्षी बदलावे लागते आणि त्यासाठी लागणारे मनुष्यबळ घरात उरलेले नाही; पत्रा एकदा ठोकला की वीस वर्षे पाहायला नको. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तापलेला पत्रा वरून उष्णता फेकत राहतो आणि ठेंगण्या छपराखाली ती गाईच्या पाठीवरच उतरते. पत्रा जमिनीपासून दहा-बारा फूट उंच घ्यावा, वर भाताचा पेंढा किंवा झावळ्या अंथराव्यात, नाहीतर चुना फासावा, आणि दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

गोठ्यातला पाला हाही विचार करण्याजोगा विषय. रानातला पाला गुरांखाली पसरून त्याचे खत करायची उत्तर कन्नडची जुनी रीत. शेणमुतात मिसळून तो थर कुजतो आणि कुजताना तापतो. आषाढातल्या ओल्या, गार रात्री ती ऊब गाईला हवीच असते. वैशाखात मात्र थर पातळ ठेवून वरचेवर काढलेला बरा.

सगळ्यात अवघड प्रश्न चरण्याच्या वेळेचा आहे. उकाड्यात गाय दुपारी तोंड घालत नाही. तिला रात्री नि पहाटे खायचे असते, म्हणजे पचनाची ऊब थंड वेळेत निघून जाते. गव्याला ते जमते. गाईला नाही, कारण याच रानात वाघ आणि बिबट्या आहेत आणि अंधार पडायच्या आत दावे बांधावेच लागते. जिथे व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांमुळे चराई आखडली आहे तिथे दिवसाचे तासही कमी होतात. त्यामुळे रात्रीची वैरण गोठ्यातच घालावी लागते, आणि त्यासाठी गवत वेळेवर कापावे लागते. पाऊस सरल्यावर, दाणा पडायच्या आधी कापून सावलीत वाळवलेले गवत जनावर आवडीने खाते. पौषापर्यंत उभे राहिलेले करड नुसते भर घालते, आणि ते राठ असल्याने पोटात ऊबही जास्त करते. दसरा-दिवाळीला भाताची कापणी आणि गवताची कापणी एकदम अंगावर येते. घरात माणसे दोन असतील तर भात आधी जातो, गवत मागे राहते. मे महिन्यात गाय रात्री काय खाणार ते तेव्हाच ठरून गेलेले असते.